मिरजेहून आलेल्या कॅमेऱ्याच्या दादास

दादा,

परवा तुझी गाडी बांधावरून वळली आणि मी तशीच शेडपाशी बसून राहिले. तुझे आभार नीट मानलेच नाहीत. म्हणून आज सगळ्यांसमोर लिहिते.

आमचं बेदाण्याचं शेड तासगावपासून आत, मळ्यात. रॅकवर माल वाळत असतो तेव्हा रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. त्यासाठीच तर कॅमेरा घेतला होता. तोच चोरीला गेला. चित्रण त्याच्यातल्याच कार्डात, तेही गेलं. बसवणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "चोराला आम्ही काय करणार?" अरे, हात पुरेल एवढ्या उंचीवर लावला कुणी? वायर उघडी सोडली कुणी? दुसरा बसवला, त्याची वायर कापली. मग तर त्यानं फोन उचलणंच सोडलं. पैसे मात्र दोन्ही वेळेला आगाऊ.

तू आलास ते आधी शेडभोवती चक्कर मारलीस. कॅमेरे १२ फुटांवर नेलेस, वायर लोखंडी पाइपात घातलीस, एकाला कुणी हात लावला तर दुसऱ्यात दिसेल असे समोरासमोर लावलेस. रेकॉर्डर घरात माळ्यावर, कुलपात.

पण माझ्या मनात राहिलंय ते वेगळंच. जुन्या कॅमेऱ्याचा पासवर्ड १२३४५६, आणि त्या आधीच्या बसवणाऱ्याच्या मोबाइलला आमचं अंगण अजून जोडलेलं. तू दाखवलंस तेव्हा अंगावर काटा आला. इथंच आम्ही धुणं वाळत घालतो, सुना-लेकी वावरतात. तू त्याला काढून टाकलंस, मोबाइल माझ्या हातात दिलास आणि म्हणालास, "आक्का, तुमच्या मनातलं टाका. मला सांगू नका." आणि द्राक्षबागेकडे तोंड करून उभा राहिलास. मला टाइप करायला वेळ लागतो. दोनदा चुकलं. तू एकदाही वळून बघितलं नाहीस.

दुसऱ्याच्या घरात कसं वावरावं हे कुठल्या कोर्समध्ये शिकवत नसतील. तुझ्या आईवडिलांनी शिकवलं असणार. अशी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांनी दार उघडायचं.

जाताना कॅमेऱ्यांच्या त्या चांदणीच्या आकाराच्या स्क्रूचा पाना माझ्याकडे दिलास. साध्या पान्यानं ते फिरत नाहीत, म्हणून "हा तुमच्याकडंच असू दे," म्हणालास. देव्हाऱ्याच्या खणात ठेवलाय.

नवा बेदाणा उतरला की पहिला डबा तुझा. घरचा पत्ता तेवढा कळव, त्या दिवशी विचारायचा राहिला.

तुझी,
मळ्यातली आक्का