युनियनचे रकाने जागेवर आणून दिलेत, त्याबद्दल

मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आता दुसऱ्या टीममध्ये आहात, आणि आभार नीट मानायचे राहूनच गेले होते. ते सगळ्यांसमोर मानतो, म्हणजे जँगोत (पायथनच्या वेब-फ्रेमवर्कमध्ये) दोन क्वेरी जोडणाऱ्या आणखी कुणाच्या तरी हे उपयोगी पडेल.

आवक आणि जावक या दोन टेबलांवरच्या क्वेरी युनियनने (दोन क्वेरींच्या ओळी एकाखाली एक लावणाऱ्या आज्ञेने) जोडून आपण एकच यादी काढत होतो. व्हॅल्यूज-लिस्टमध्ये, म्हणजे कोणते रकाने हवेत ते सांगतो तिथे, दोन्हीकडे क्रम तोच होता: तारीख, प्रकार, शेरा. तरी जावकच्या ओळींत प्रकाराच्या रकान्यात शेरा यायचा आणि शेऱ्याच्या जागी प्रकार. एरर नाही, ओळींची संख्याही बरोबर. सगळ्यांचा संशय टेम्पलेटवर, म्हणजे यादी पानावर मांडणाऱ्या फाइलवर. तुम्ही टेम्पलेट उघडलंच नाहीत. दोन्ही क्वेरींचं एसक्यूएल (डेटाबेसला जाणारी प्रत्यक्ष आज्ञा) प्रिंट करून एकाखाली एक ठेवलंत आणि म्हणालात, "सिलेक्टच्या पुढचं तेवढं वाचा."

पहिल्यात रकान्यांचा क्रम तारीख, शेरा, प्रकार. दुसऱ्यात तारीख, प्रकार, शेरा.

आवकच्या टेबलात प्रकार हे फील्डच नव्हतं, ते अ‍ॅनोटेटने, म्हणजे क्वेरीतच जादा रकाना जोडून, घातलेलं. जँगोच्या ५.२ पूर्वीच्या आवृत्त्या मॉडेलची (टेबलातली) फील्ड आधी आणि अ‍ॅनोटेशन शेवटी लावायच्या, मग आपण क्रम काहीही लिहिलेला असो. युनियन तर नावं बघतच नाही, रकान्याची जागा बघतं. नावं लागतात ती पहिल्या क्वेरीची. एका बाजूला तारीख आणि दुसऱ्या बाजूला मजकूर असता तर पोस्टग्रेसने (आपल्या डेटाबेसने) तिथेच अडवलं असतं. इथे दोन्ही मजकूरच, मग ते कशाला हरकत घेईल?

तुमचा उपाय साधा होता. दोन्ही क्वेरींत तिन्ही रकाने नव्या नावांनी, त्याच क्रमाने अ‍ॅनोटेट करायचे. सगळीच अ‍ॅनोटेशन झाली की पुढेमागे व्हायला काही उरत नाही. पण मला त्याहून मोलाची वाटली ती तुम्ही लिहिलेली टेस्ट. दोन्ही टेबलांत एकेक ओळ, प्रत्येक रकान्यात वेगळा शब्द आणि निकालातला प्रत्येक कप्पा तपासलेला. नुसती ओळींची संख्या मोजणारी टेस्ट इथे खुशाल पास झाली असती.

५.२ पासून सिलेक्टचा क्रम आपण लिहू तसाच राहतो. आम्ही त्यावर गेलो तेव्हा ती जादाची अ‍ॅनोटेशन काढून टाकली, तीही तुमच्या टेस्टच्या भरवशावर. मनापासून आभार, मॅडम.

आपला,
जुन्या टीममधला एक सहकारी