ब्लड कल्चरला रविवारची सुट्टी नको : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
सादर नमस्कार.

माझे वडील 67 वर्षांचे. 20 वर्षांचा मधुमेह, त्यात किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. हाताचा फिस्टुला (डायलिसिससाठी ऑपरेशनने जोडलेली रक्तवाहिनी) बंद पडल्यावर मानेजवळ नळी बसवली. एका शनिवारी डायलिसिस सुरू होऊन अर्धा तास झाला आणि त्यांना अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली. ताप मात्र 99 च्या पुढे गेला नाही. अशा पेशंटच्या रक्तात जंतू शिरले तरी कधीकधी ताप येतच नाही. नुसती थंडी वाजते, बीपी पडतं, माणूस असंबद्ध बोलतो. आम्हाला तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

रात्री एका रुग्णालयात दाखल केलं. अँटिबायोटिक लगेच सुरू झालं, ते योग्यच होतं. पण आधी ब्लड कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी, रक्त घेतलं नाही. वॉर्डात बाटल्या नव्हत्या, लॅब सोमवारी उघडणार होती. सोमवारी मीच मेडिकलमधून बाटल्या आणल्या आणि रक्त भरल्यावर बर्फाच्या पिशवीत घालून रिक्षाने बाहेरच्या लॅबमध्ये नेल्या. काउंटरवरच्या ताईंनी पिशवी उघडून बर्फ बेसिनमध्ये ओतला. म्हणाल्या, "कल्चरची बाटली गार करायची नसते. जंतू वाढायला हवेत ना!" पाच दिवसांनी रिपोर्ट आला, नो ग्रोथ. तोवर औषधाचे डोस पोटात गेलेले. जंतू उगवणार कुठून? पुढचे 14 दिवस अंदाजाने उपचार झाले.

सहा आठवड्यांनी पुन्हा तेच. या वेळी दुसरीकडे नेलं. तिथे अँटिबायोटिकच्या आधी, दहा मिनिटांत, नळीतून आणि हातातून रक्त घेऊन चार बाटल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी जंतू वाढतोय असा लॅबमधून वॉर्डात फोन आला, तिसऱ्या दिवशी जंतूचं नाव कळलं: स्टॅफिलोकॉकस ऑरियस. नळी काढली, औषध बदललं, हा जंतू हृदयाच्या झडपांवर बसतो म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. वडील वाचले. पहिल्याच वेळी कळलं असतं तर ती नळी तेव्हाच निघाली असती, हे माझ्या मनातून जात नाही.

सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं, लवकर ओळखण्याबद्दलचा जागतिक आरोग्य सभेचा ठराव 2017 सालचा आहे. पुण्यात औंधचं जिल्हा रुग्णालय आपल्या खात्याचं, ससून वैद्यकीय शिक्षणाचं, कमला नेहरू महापालिकेचं. ही वाटणी पेशंटला कशी कळावी? तिन्हीकडे एकच आदेश निघावा, ही विनंती. डायलिसिस आणि केमोथेरपीच्या वॉर्डात कल्चरच्या बाटल्या कायम असू द्या. रात्री आणि रविवारीही त्या लॅबच्या कल्चर मशीनला लावायला माणूस असू द्या. जंतू वाढताना दिसला की छापील रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना फोन जाऊ द्या. आणि नातेवाइकाच्या हातात बाटली देणं कृपया बंद करा.

वडिलांचं डायलिसिस मंगळवार, गुरुवार, शनिवारी असतं. बाकी कुठल्याही दिवशी, आपण सांगाल त्या वेळी, दोन्ही रिपोर्ट घेऊन मी भेटायला येईन.

आपली,
एका डायलिसिस पेशंटची मुलगी, पुणे