सोमवारी अजिंठा, मंगळवारी वेरूळ

माननीय मंत्रिमहोदय यांस,

सप्रेम नमस्कार. छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या प्रवाशांच्या हाती सध्या शहरदर्शनाचे जे सरकारी माहितीपत्रक पडते, त्यात सोमवारी अजिंठा आणि मंगळवारी वेरूळ असा बेत सुचवला आहे. अजिंठ्याची लेणी सोमवारी आणि वेरूळची मंगळवारी बंद असतात. पत्रकावर विसंबून निघालेले माझे पाहुणे गेल्या मंगळवारी तीस किलोमीटर जाऊन बंद फाटक पाहून परतले. फाटक सुरेख आहे, असे ते सौजन्याने म्हणाले.

याच पत्रकासाठी दोन वर्षांपूर्वी एका अधिकाऱ्यांनी माझ्याकडून अकरा पानांचे टिपण मागवून घेतले होते आणि 'तुमच्याच क्रमाने छापू' असा शब्द दिला होता. त्या टिपणात सकाळी भडकल दरवाज्यापासून निघावे असे मी सुचवले होते, कारण मलिक अंबरने १६१० साली वसवलेल्या खडकीची, म्हणजे याच शहराची, ओळख तिथे पटते. मग पाणचक्कीवर जावे आणि दूरच्या डोंगरातले पाणी खापरी नळांतून येऊन स्वतःच्याच दाबाने भिंतीत कसे चढते, ते निवांत समजून घ्यावे. बीबी का मकबरा उन्हे कलल्यावर पाहावा. तिथल्या प्रवेशद्वारावर स्थपती अताउल्ला आणि हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. हा अताउल्ला ताजमहालाचे मुख्य स्थपती मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा, त्यामुळे साम्य घरातलेच आहे. पत्रकात मात्र 'ताजची प्रतिकृती' एवढ्या दोन शब्दांत सारे आटोपले आहे, आणि मकबऱ्यामागच्या डोंगरातली बौद्ध लेणी तर कोणाला आठवलीही नाहीत.

टिपणासाठी दरवाज्यांची छायाचित्रे काढताना मी उघड्या गटारात पडलो. तो गुडघा सरकारी कार्यालयाचा जिना चढताना अजूनही ठणकतो, आणि तिथे मी चौदा खेटे घातले आहेत. प्रत्येक वेळी साहेब बैठकीत होते आणि टिपण पुढे पाठवलेले होते. पुढे म्हणजे कुठे, हे मला शिपायाकडूनही कळू शकले नाही.

पत्रकाच्या मुखपृष्ठावर 'बावन्न दरवाज्यांचे शहर' असे दिमाखात छापले आहे. उभे असलेले दरवाजे माझ्या मोजणीत पंधरासुद्धा भरत नाहीत. या शहराच्या नावाने आजवर जाहीर झालेले सारे कोटी खरोखर पोहोचले असते, तर बावन्नही दरवाजे नव्याने बांधून त्रेपन्नावा केवळ फीत कापण्यासाठी राखून ठेवता आला असता. पण आपल्याकडे वारसा जपायचा तो घोषणेत. ज्या गावात तो आहे तिथल्या माणसाला विचारणे हे कोणत्याच खात्याच्या कामकाजात बसत नाही.

नव्या छपाईत निदान वार तेवढे दुरुस्त व्हावेत. टिपणाची दुसरी प्रत मात्र कृपया मागू नये. माझ्याकडे एकच उरली आहे, आणि ती घेऊन मी दर रविवारी सकाळी सात वाजता भडकल दरवाज्यापाशी उभा असतो.

आपला,
एक नागरिक