जे छापायला कायद्याची मनाई, त्याचं कात्रण कुठून आणायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला आणि बालकांसाठी काम करणाऱ्या महिलांना राज्य सरकार देतं त्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर पुरस्कारासाठी प्रस्ताव पाठवण्याचं आवाहन कालच्या अंकात जिल्हा पानावर वाचलं. सोबत काय काय जोडायचं तेही दिलं आहे: कार्याचा अहवाल, वर्तमानपत्रांतली कात्रणं, छायाचित्रं, पोलिसांचा चारित्र्य दाखला. ही यादी मला पाठ आहे. आमच्या गावातल्या एका बाईंचा प्रस्ताव याच यादीपायी परत आला आणि माझा तो राग अजून गेलेला नाही.

त्यांचं नाव इथे लिहीत नाही. गाव त्यांना काकू म्हणतं. आमचं गाव ऊसतोड कामगारांचं. दसरा-दिवाळी झाली की मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागतात आणि घरांना कुलपं पडतात. घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी असली की आईबापांच्या जिवाला घोर. सोबत न्यावी तर शाळा सुटते आणि पोरगी फडाजवळच्या कोपीत राहते. मागे ठेवावी तर म्हाताऱ्या आजीच्या भरवशावर. मग कुणीतरी स्थळ आणतं. लग्न लागलं की नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ होतो आणि कोयत्यावर मुकादमाकडून आगाऊ उचल मिळते. अशा मुलींना काकू हंगामभर आपल्या घरी ठेवून घेतात. जेवण, अभ्यास, दुखणंखुपणं सगळं त्याच बघतात. कुठे लग्न ठरल्याचं कानावर आलं की आजीपाशी जाऊन बसतात, बापाला कारखान्यावर फोन लावतात. नाहीच ऐकलं तर ग्रामसेवकांना सांगतात, कारण गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच. तरीही नाही हललं तर 1098, मुलांसाठीची हेल्पलाइन. पण बहुतेक वेळा बाप फोनवरच ऐकतो. काकू कुठे बोलणार नाहीत, पोरीचं नाव चव्हाट्यावर येणार नाही, ही त्याला खात्री असते.

प्रस्ताव मीच लिहिला. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. काकूंनी ठेवून घेतलेल्या कितीतरी मुली माझ्या वर्गात बसल्या, दहावी झाल्या. जिल्हा स्तरासाठी 10 वर्षांच्या कामाची अट आहे, काकूंचं काम त्याहून जुनं. कार्यालयात फाईल उलटसुलट करून मला विचारलं, ‘कात्रणं कुठायत? मुलींसोबतचे फोटो कुठायत?’ मी सांगितलं की या मुलींचे फोटो देता येत नाहीत. उत्तर आलं, ‘मग काम केलं हे समितीला कळणार कसं?’

संपादक महोदय, 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार जिचं वयाआधी लग्न लागण्याचा धोका आहे ती मुलगी ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक’ ठरते. त्याच कायद्याच्या कलम 74 प्रमाणे अशा बालकाचं नाव, पत्ता, शाळा, छायाचित्र, ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला मनाई आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे कात्रणं आणि फोटो नसणं हाच काकूंनी काम नीट केल्याचा पुरावा आहे, आणि महिलांच्या नावाचा पुरस्कार त्याच कारणासाठी त्यांना नाकारला गेला.

चारित्र्याच्या दाखल्याचंही तेच. एका मोडलेल्या लग्नातल्या मुलाकडच्यांनी त्यांच्याविरुद्ध अदखलपात्र तक्रार दिलेली. ती नोंद निघाली, आणि ज्या कामासाठी गौरव व्हायचा त्याच कामापायी त्यांना ठाण्यात बाकावर बसून खुलासा द्यावा लागला.

राज्याचा सर्वोच्च नागरी सन्मान महाराष्ट्र भूषण. 1996 मध्ये पहिला पु. ल. देशपांडे यांना दिला, पुढे लता मंगेशकर, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, बाबा आमटे. यांच्याकडे कुणी कात्रणांची फाईल मागितली नाही, आणि ते योग्यच झालं. मोठ्या माणसांचं काम सरकारला आपोआप दिसतं. पण बंग दांपत्याने गडचिरोलीत नवजात बाळं वाचवली ती गावातल्याच बायकांना शिकवून, त्यांच्या हातून. अशा बायका प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांना शोधायला निघण्याचं काम सरकारचं आहे. त्यांनी स्वतःचं कौतुक स्वतः गोळा करून खिडकीवर आणून द्यावं, ही अपेक्षा मला अपमानाची वाटते.

शोधणं अवघडही नाही. बाल कल्याण समितीच्या नोंदी, 1098 वर आलेल्या फोनची माहिती, शाळांचे हजेरीपट हे सगळं शासनाच्याच कपाटात आहे. पुरस्काराच्या निवड समितीने गोपनीयता राखून ते पाहावं. अंगणवाडी सेविका, आशाताई, मुख्याध्यापक यांना विचारावं. 2023 पासून ग्रामपंचायत पातळीवर दोन महिलांना अहिल्यादेवींच्या नावाने गौरवलं जातं, तेव्हा गावातच निवड होते. मग जिल्ह्याला एवढा कागद का लागतो?

आणि आता आपल्याबद्दल. गेल्या हंगामात आपल्याच जिल्हा पानावर ‘बालविवाह रोखला’ अशी बातमी होती. तीत गावाचं नाव, मुलीच्या वडिलांचं आडनाव, मांडवाचा फोटो. त्या पोरीला शाळेत परत आणायला काय यातायात पडली ते मला माहीत आहे. आपल्या वार्ताहरांना कलम 74 वाचायला द्या, ही हात जोडून विनंती.

काकूंचा प्रस्ताव मी यंदा पुन्हा देणार आहे, कात्रणं आणि फोटोंशिवाय. निवड समितीतल्या एका तरी सदस्याने दिवाळीनंतर कुठल्याही संध्याकाळी न कळवता त्यांच्या घरी यावं आणि मुलींशी बोलावं. सोबत छायाचित्रकार मात्र आणू नये.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, बीड जिल्हा
(नाव व गाव आपल्याला कळवलं आहे. मुलींची ओळख पटू नये म्हणून ते छापू नये.)