बीजगणिताआधी अपूर्णांक पक्के करा

संपादक महोदय,

आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत सातवी-आठवीची मुलं कापूस वेचणीचा हिशेब तोंडी, बिनचूक करतात. वहीत मात्र तीच मुलं -७ + ३ चं उत्तर -१० लिहितात, १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ करतात. समीकरणाचं गाडं 'क्ष'मुळे नाही, इथंच अडतं. केंद्र सरकारचं २०२१ चं 'निपुण भारत' अभियान तिसरीपर्यंतच्या संख्याज्ञानाकडे बघतं. चांगलंच आहे, पण पुढं गेलेल्यांचं काय? विदर्भातल्या शाळा उन्हामुळं जूनअखेरीस उघडतात. उघडल्यावर पहिले तीन आठवडे फक्त ऋण संख्या आणि अपूर्णांक घ्यायची लेखी मुभा शिक्षण विभागानं द्यावी. तेवढे दिवस शिक्षकांमागचं ऑनलाइन माहिती भरण्याचं कामही थांबवावं, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, जि. यवतमाळ