दिवाळीच्या भेटींबाबत सदस्यांना स्मरण

सर्व सदस्यांना नमस्कार. दिवाळी तोंडावर आली की टेबलाखाली चादरींचे गठ्ठे आणि शेंगा चटणीचे पुडे आपोआप उगवतात. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला भेटवस्तूंचा नियम कुटुंबीयांनाही धरून आहे. ‘मी नाही घेतली, घरी कुणीतरी ठेवून गेलं’ हे चालत नाही. ज्याची फाईल आपल्याकडे आहे त्याने केलेली फुकट प्रवासाची, मुक्कामाची सोय हीसुद्धा भेटच. सहज मिळालेली लिफ्ट किंवा प्रसंगाने झालेलं जेवण त्यात येत नाही, पण ठेकेदाराच्या शेतातल्या हुरडा पार्टीला कृपया ‘सहज’ म्हणू नका! पुडा घरी आलाच तर त्याच दिवशी परत करून कार्यालयप्रमुखांना लेखी कळवा, पोचही घ्या.

– सचिव, कर्मचारी संघटना, सोलापूर