राजवाड्याबाहेरची राणी

महोदय,

कोरियन मालिकांमुळे जोसन राजघराण्यातली कटकारस्थानं हल्ली मराठी घरांतही चवीने पाहिली जातात. पण पदच्युत राणीचं पुढे काय झालं, हे सांगायच्या आतच बहुतेक मालिका संपतात. दानजोंग राजाची पत्नी जोंगसून हिची हकिकत म्हणूनच कळवाविशी वाटते.

१४५५ मध्ये सख्ख्या काकाने, सेजोने, दानजोंगला गादी सोडायला लावली. १४५७ मध्ये त्याची योंगवोलला हद्दपारी झाली आणि त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या सोळाव्या वर्षी, तो गेला. राणी जेमतेम सतरा वर्षांची. पद गेलं, वडीलही मारले गेले. राजधानी सोलच्या पूर्व वेशीबाहेर ती राहिली आणि कापड जांभळं रंगवून पोट भरू लागली, असं तिथले लोक सांगतात. तिला चोरून मदत करता यावी म्हणून जवळच बायकांनी फक्त बायकांचा भाजीबाजार भरवला, अशीही आख्यायिका आहे. पुरुषांना तिथे मज्जाव! मला या बायका दरबारातल्या सगळ्या मुत्सद्द्यांपेक्षा मोठ्या वाटतात.

वैधव्याची चौसष्ट वर्षं काढून ती १५२१ मध्ये वारली. राणीपद परत मिळालं ते १६९८ मध्ये. तिची समाधी नाम्यांगजूला, त्याची दूर योंगवोलला. २००९ पासून दोन्ही जागतिक वारशाच्या यादीत आहेत. आपल्या पुरवणीत अशा स्त्रियांवर सविस्तर लेख यावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, ठाणे